ठासणीची आहे म्हणून लायसन लागत नाही, हे कुणी सांगितलं?

दसरा जवळ आलाय. खंडेनवमीला घरोघरी विळे, कोयते, कुऱ्हाडी, तिफणीचे फण, ट्रॅक्टरचे पाने निघतील, त्यांना हळदकुंकू लागेल, झेंडूची फुलं पडतील. छानच आहे. पण आपल्याकडच्या काही जुन्या वाड्यांत त्या दिवशी आणखी एक वस्तू बाहेर येते. आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडते, फडक्यात गुंडाळलेलं पितळी मुठीचं पिस्तूल निघतं, पाटावर बसतं आणि दुपारपर्यंत नातवाच्या स्टेटसला लागतं. खाली ओळ ठरलेली: 'आजोबांची निशाणी'.

गेल्या वर्षी असा एक फोटो माझ्या ओळखीतल्या पोराने टाकला होता. मी फोन करून काढायला लावला. तो हसला. म्हणाला, "काका, ठासणीची हाय ती. दारू भरून उडवायची. तिला कुठं लायसन लागतंय?"

लागतं. आणि त्याने जे वाक्य म्हटलं ते मी परभणीच्या कोर्टाच्या आवारात, लग्नात, चहाच्या टपरीवर इतक्या वेळा ऐकलंय की यंदा दसऱ्याच्या आधीच सविस्तर लिहायचं ठरवलं. पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात असली वस्तू आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा. ज्यांच्या घरात नाही त्यांनी मधला शेतकऱ्यांचा भाग वाचा.

आधी सरळ कायदा. शस्त्र अधिनियम १९५९, म्हणजे पोलिसांच्या कागदात ज्याला भारतीय हत्यार कायदा म्हणतात तो. हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. त्यात बंदुकीची व्याख्या अशी की स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कसल्या ऊर्जेच्या जोरावर गोळी, छर्रा किंवा काहीही फेकण्यासाठी बनवलेलं कुठलंही हत्यार. नळीत काडतूस मागून घालायचं की दारू पुढून ठासायची, हा प्रश्न व्याख्येत येतच नाही. तोड्याची असो, चकमकीची असो, टोपीची असो, दारूचा बार उडून शिशाची गोळी बाहेर पडते ना? झालं. ती बंदूक. कलम ३ म्हणतं की परवान्याशिवाय ती बाळगायची नाही, जवळ ठेवायची नाही, घेऊन फिरायचं नाही. परवान्यासाठी वय किमान २१. पिस्तूल घरात आहे पण बाहेर नेत नाही, म्हणून सुटका नाही. घरात असणं हाच गुन्हा आहे.

शिक्षा? डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. विनापरवाना साधी बंदूक किंवा पिस्तूल बाळगलं तर आधी एक ते तीन वर्षं होती, आता कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, वर दंड. न्यायाधीश खास कारणं लिहून दोन वर्षांपेक्षा कमी देऊ शकतात, पण ती कारणं खरोखरच खास लागतात. 'आजोबांची निशाणी' हे कारण दरवेळी चालेल या भरवशावर राहू नका. आणि विनापरवाना बनवणं, विकणं, दुरुस्त करणं हे सापडलं तर किमान सात वर्षं, तिथून थेट जन्मठेपेपर्यंत. जुन्या पिस्तुलाचा चाप बसवून देणाऱ्या लोहाराने आणि लेथवाल्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

दारूचंही तेच. सोरा, गंधक आणि कोळसा. साधारण पंचाहत्तर, दहा, पंधरा हे प्रमाण शेकडो वर्षं चालत आलंय. ही दारू बंदुकीसाठी असेल तर शस्त्र कायद्यात ती दारूगोळाच ठरते, आणि वर १८८४ चा स्फोटक कायदा व २००८ चे स्फोटक नियम वेगळे लागतात. म्हणजे पिस्तूल एक गुन्हा, शेजारच्या डबीतली दारू दुसरा.

मग हा गैरसमज आला कुठून? तीन ठिकाणांहून, आणि तिन्हींत थोडं थोडं खरं आहे. म्हणून तर तो इतका टिकून आहे.

पहिलं ठिकाण मोबाईल. अमेरिकेत १९६८ चा बंदूक कायदा १८९८ पर्यंत बनलेली हत्यारं आणि त्यांच्या काही नकला 'पुरातन' धरतो, त्यांना तिथल्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणतच नाहीत. त्यामुळे तिकडचा माणूस काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर टपालाने घरी मागवतो आणि त्याचा व्हिडिओ करतो. आपली पोरं तो व्हिडिओ जिंतूरच्या नाहीतर पालमच्या बसस्टँडवर बघतात आणि त्यांना वाटतं हा जगाचा नियम आहे. तिकडेही प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, ते व्हिडिओवाला सांगत नाही. आपल्याकडे असं हत्यार बाहेरून मागवायचं तर आयातीचा परवाना लागतो, कलम १० आहे त्यासाठी. पार्सल कस्टममध्ये उघडतं, आणि त्यावर पत्ता तुमचाच असतो.

दुसरं ठिकाण आपलंच शिवार. ठासणीच्या बंदुकीला कायद्यात खरंच एक वेगळी जागा आहे. कलम १३ वाचा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी नागरिकाने ठासणीची बंदूक मागितली तर परवाना अधिकारी परवाना 'देईल' असं तिथं लिहिलंय. 'देऊ शकेल' असं नाही. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर किमान वीस इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकसुद्धा देता येते. आणखी एक ओळ कलम १४ मध्ये आहे, ती मला फार आवडते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. दोन एकरवाल्यालाही तोच हक्क आणि दोनशे एकरवाल्यालाही तोच.

हे मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण जिंतूर आणि सेलूच्या डोंगरकडेच्या, येलदरीच्या अंगाच्या शेतकऱ्याला रानडुक्कर म्हणजे काय ते विचारा. रात्रीत सोयाबीनचा पट्टाच्या पट्टा नांगरल्यासारखा होतो. तुरीत रोही घुसले की शेंडे राहत नाहीत. झटका मशीन घेतली, पत्र्याचे डबे वाजवले, सुतळी बॉम्ब लावले, माळ्यावर रात्री काढल्या. जनावर आठ दिवस बिचकतं, नवव्या दिवशी परत येतं. अशा माणसाने ठासणीच्या बंदुकीचा अर्ज केला तर तो गुन्हेगार नाही, तो कायद्याने दिलेली गोष्ट मागतोय. आणि आपल्याकडे त्याच्याकडे बघायची नजर कशी असते? बंदूक पाहिजे? कशाला? कुणाशी भांडण हाय का? हेलपाटे मारून माणूस नाद सोडतो. किंवा वाईट म्हणजे अर्जच करत नाही आणि कुठून तरी एक जुनी नळी आणून ठेवतो.

एक खुलासा इथेच करतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वेगळा आहे. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायचं तर कलम ११ खाली वन खात्याची लेखी परवानगी लागते. काळविटाच्या वाटेला तर जाऊच नका. आवाजाने जनावर पळवायला बार काढणं ही गोष्ट वेगळी, पाडणं ही वेगळी.

आता या सगळ्यात पिस्तूल कुठं बसतं? बसतच नाही. शस्त्र नियमांच्या यादीत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हा गटच वेगळा आहे. कलम १३ मधला 'देईल' लांब बंदुकीसाठी. पिस्तुलासाठी, मग ते ठासणीचं का असेना, 'सबळ कारण' दाखवावं लागतं आणि ते अधिकाऱ्याला पटावं लागतं. मला हा फरक शंभर टक्के बरोबर वाटतो. चार-साडेचार फुटी ठासणीची बंदूक खांद्यावर घेऊन कुणी पंचायतीच्या बैठकीत गुपचूप जाऊ शकत नाही. पिस्तूल कमरेला, बंडीच्या आत, दिसतसुद्धा नाही. पिस्तूल माणसासाठीच बनलेलं असतं, रानडुकरासाठी नाही. ठासणीच्या पिस्तुलात एकच गोळी बसते, परत भरायला मिनिट लागतं, वगैरे वाद लोक घालतात. समोरच्याला लागायला एकच पुरते.

तिसरं ठिकाण कलम ४५. जुन्या वस्तू जमवणारे लोक हे कलम पाठ असल्यासारखं सांगतात. कालबाह्य घाटणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार असेल तर कायदा लागू होत नाही. पण वाक्य इथं संपत नाही. पुढे लिहिलंय की जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं. अर्ध्या जिल्ह्याला पहिला भाग माहीत आहे, दुसरा नाही. तुमचं पिस्तूल दीडशे वर्षं जुनं आहे, ठीक. पण घोडा पडतोय का? कान मोकळा आहे का? नळी शाबूत आहे का? लोहाराकडे नेलं तर चालू होईल का? होणार असेल तर ते आजच्या पिस्तुलाइतकंच पिस्तूल आहे. चालतं की नाही हे ठरवणार न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. तुम्ही नाही, मीही नाही. आणि प्रयोगशाळेत ते पोहोचतं कधी? बहुतेक वेळा गुन्हा दाखल होऊन जप्ती झाल्यावर. म्हणजे निर्दोष ठरायचं असेल तर आधी आरोपी व्हायचं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, ती देशाबाहेर नेता येत नाही, हा १९७२ चा कायदा निराळा. तो पिस्तुलाला परवान्यातून सूट देत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. इंग्रजांचा १८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजी मुलखाचा, आपल्याकडे संस्थानाचा कारभार. मग रझाकारांचा काळ आला, गावोगाव जे मिळेल ते लोकांनी जवळ ठेवलं. १७ सप्टेंबरनंतर सगळ्यांनीच सगळं जमा केलं असेल असं कुणी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. काही घरांत त्या काळचा उर्दूतला कागद आजही पिस्तुलासोबत गुंडाळून ठेवलेला असतो आणि घरच्यांना वाटतं की हेच लायसन. तो कागद जपून ठेवा, इतिहास म्हणून त्याला मोल आहे. परवाना म्हणून आज त्याचा उपयोग नाही. ज्याच्या नावाचा होता तो माणूस गेला, राज्य गेलं, कायदा बदलला, नूतनीकरण कधी झालंच नाही.

आता माझं खरं म्हणणं. वरचं सगळं कायद्याच्या बाजूने बोललो. पण या कायद्याची अंमलबजावणी आपल्याकडे अशी आहे की प्रामाणिक माणसाला ते पिस्तूल सोडायची वाटच सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या. गाव, तालुका सांगत नाही. वय सत्तरीच्या पुढे. नवरा वारलेला, पोरगा पुण्याला कंपनीत. पडका वाडा उतरवायला काढला तेव्हा देवळीमागच्या पोकळीत फडक्यात बांधलेलं ठासणीचं पिस्तूल आणि शिशाच्या गोळ्यांची पिशवी निघाली. सासऱ्याच्या वेळची असावी, त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या सरळ पोलीस ठाण्यात गेल्या. तिथं आधी विचारलं, कुठून आणलं? मग म्हणाले, जमा करून घ्यायचा आम्हाला आदेश नाही. मग एकाने सांगितलं, आजी, जमा करून घेतलं तर तुमच्यावरच केस करावी लागेल, घरी घेऊन जा. पोलिसानेच सांगितलं, घरी घेऊन जा! दुसऱ्या एकाने आणखी चांगला सल्ला दिला, गोदावरीत टाका. माझ्याकडे आल्या तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या. "वकीलसाहेब, ते घरात हाय तवर मला झोप लागंना."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही काही गुन्हा केलेला नाही." ते खरंही आहे. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलंय. भिंतीत काय आहे हे ज्याला माहीतच नाही त्याचा तो ताबा नव्हे. पण भिंत फुटून वस्तू हातात आली, त्या घटकेपासून माहीत आहे. तिथून पुढे ठेवलं तर ते तुमचं. कायद्याचं कलम २१ म्हणतं की ज्या हत्याराचा ताबा कुठल्याही कारणाने कायदेशीर राहिला नाही, ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. परवानाधारक वारला तर त्याच्या वारसांना तर हे सरळ लागू पडतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला रीतसर आपल्या नावे परवाना मागायची सोयही आहे. अडचण येते ती ज्याला कधीच परवाना नव्हता अशा हत्याराची. या काकूंसारख्यांची.

त्यांचं काम शेवटी झालं. लेखी अर्ज, वाडा उतरवतानाचा पंचनामा, सरपंच आणि गवंड्याचा जबाब, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात आवक करून, एक पोलीस अधीक्षक कार्यालयात, आणि मग ठाण्यात. पोच मिळायला पाच हेलपाटे लागले. त्यांना मी भेटलो म्हणून झालं. बाकीच्यांचं काय होतं? मला माहीत असलेली उत्तरं सांगतो. विहिरीत जातं. शेतात पुरलं जातं. भंगारात जातं. आणि काही वेळा गावातलं एक पोरगं म्हणतं, "काका, द्या माझ्याकडे, मी लावतो त्याची व्यवस्था." त्या व्यवस्थेचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नाही.

पेटीत पडून राहणं हेही काही सुरक्षित नाही. पुष्कळ जुनी ठासणीची हत्यारं भरलेलीच ठेवलेली असतात, कारण बाहेर काढायचा एकच सोपा मार्ग, बार उडवणं. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं मरत नाही. अमेरिकेत २००८ साली तिथल्या यादवी युद्धातला, म्हणजे १८६१ ते ६५ च्या काळातला तोफगोळा साफ करताना फुटला आणि जमवणारा जागीच गेला. जवळपास दीडशे वर्षांनी! गंजलेल्या नळीत तर बार पुढे जायच्या ऐवजी हातातच फुटू शकतो. दिवाळीत नातवंडं वाड्यावर येतात, पेट्या उघडतात. जरा विचार करा.

म्हणून मागणी एकच आहे आणि ती परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. कलम ३९ बघा. कलम ३ खालच्या गुन्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय कुणावरही खटला चालवता येत नाही. जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारीच. म्हणजे दोन वर्षांच्या शिक्षेचं दार उघडायचं की नाही, याची किल्ली पोलिसांकडे नाही, त्यांच्या टेबलावर आहे. त्यांनी एक जाहीर प्रकटन काढावं की वडिलोपार्जित ठासणीची आणि जुनी हत्यारं जो स्वतःहून, ठराविक मुदतीत जमा करील, आणि ज्या हत्याराचा कुठल्या गुन्ह्याशी संबंध निघणार नाही, त्याच्याविरुद्ध मंजुरी देताना ही स्वेच्छेने केलेली जमा लक्षात घेतली जाईल. नऊच्या नऊ तालुक्यांत एकेक दिवस. पोच जागेवर. हत्यार प्रयोगशाळेकडे जाऊ द्या, त्यातलं जे कायमचं निकामी ठरेल आणि मोलाचं असेल ते घराला परत किंवा सरकारी संग्रहालयाला. निवडणूक आली की परवानाधारकांच्या बंदुका जमा करून घ्यायची, पावत्या द्यायची, निकालानंतर परत द्यायची सगळी यंत्रणा चालतेच ना? रजिस्टर तेच, कपाट तेच, कर्मचारी तेच.

केंद्र सरकारच्या हातात तर याहून मोठं कलम आहे, ४१ वं. त्याखाली सार्वजनिक हितासाठी कुणालाही सूट देता येते. कर्नाटकातल्या कोडगूत कोडव लोकांना आणि जम्मा जमिनीच्या धारकांना परवान्यातून जी जुनी सूट आहे ती २०१९ मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी, २०२९ पर्यंत वाढवली. मी इथं तशी सूट मागत नाही. परभणीत तशी सूट मिळाली तर आठवडाभरात काय होईल ते मला चांगलं माहीत आहे. पण देशाच्या एका टोकाला बंदूक ठेवायला सूट मिळत असेल, तर दुसऱ्या टोकाला ती परत द्यायला थोडी मुदत मिळायला हरकत कसली?

यावर एक आक्षेप हमखास येणार. गुन्हेगार याचा फायदा घेतील. वापरलेलं हत्यार आणून देतील आणि हात झटकतील. म्हणूनच वर लिहिलं की तपासणी झाली पाहिजे आणि गुन्ह्याशी संबंध निघाला तर सवलत नाही. आणि खरं सांगू का, ज्याने गुन्हा केलाय तो पिस्तूल घेऊन तहसीलच्या मांडवात येत नाही. येणार त्या सत्तर वर्षांच्या काकू.

गावठी कट्ट्याबद्दल मात्र माझ्या मनात यातला एक टक्काही ओलावा नाही. तो कुणाच्या आजोबांची निशाणी नाही. तो विकत घेतलेला असतो, आणि कशासाठी घेतलाय ते घेणाऱ्याला माहीत असतं. शेजारच्या बीडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर शस्त्रांचा विषय महाराष्ट्रभर गाजला. तेव्हा अंजली दमानिया यांनी आकडे जाहीर मांडले होते. बीडमध्ये बाराशेच्या वर परवाने, आणि आपल्या परभणीत ३२. त्यानंतर बीडच्या प्रशासनाने परवाने रद्द करायला सुरुवात केली. आपल्याकडच्या अनेकांनी तो ३२ चा आकडा अभिमानाने शेअर केला. मलाही बरं वाटलं होतं. पण परवान्यांचा आकडा फक्त परवान्यांचा असतो. पेटीतलं, भिंतीतलं, कमरेचं त्यात मोजलेलं नसतं. आणि डोंगरकडेच्या शेतकऱ्याला कायद्याने मिळायला हवी ती ठासणीची बंदूकही या ३२ मध्ये किती असेल, हा प्रश्न मला पडतो.

आता ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण लग्नसराई येतेय. परवाना म्हणजे मिरवायची मुभा नाही. शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर म्यानात, पूर्ण झाकलेलं, आपल्या ताब्यात. हातात नाचवायचं नाही. वरातीत, वाढदिवसाला, गुलालात हवेत बार काढला तर २०१९ पासून त्याला स्वतंत्र कलम आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ठासणीच्या बंदुकीने काढलेला बारही त्यात आला, 'आमच्यात परंपराच हाय' म्हणून चालणार नाही. शिवाय सणावाराला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. तेवढ्या दिवसांत काय न्यायचं आणि काय नाही ते त्या आदेशात वाचा. पिकाच्या राखणीचा परवाना तर परवान्यात लिहिलेल्या हद्दीपुरताच. ती बंदूक घेऊन परभणीच्या बाजारात यायचं नसतं.

आणि पेटीतल्या पिस्तुलाचं काय, असं विचारणाऱ्यांना आज एवढंच सांगतो. फोटो टाकू नका. साफ करायला जाऊ नका, घोडा ओढून बघू नका, नळीत गज घालू नका. लोहाराकडे नेऊ नका. विकू नका, कुणाला 'बघायला' देऊ नका. आहे तिथं कुलपात ठेवा, किल्ली लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, आणि ठाण्यात घेऊन निघायच्या आधी लेखी अर्ज करा, त्याची आवक घ्या. एकट्याने पिशवीत घालून एसटीने निघू नका. वाटेत झडती झाली तर तुम्ही जमा करायला निघाला होता हे कोण मानणार?

जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी लिहून ठेवलाय, दोनच पानं आहेत. कुणाच्याही घरात काय आहे याचा त्यात उल्लेख नाही, फक्त मागणी आहे. सोमवारी दुपारी कोर्टाची सुट्टी झाली की आम्ही सात-आठ वकील मिळून तो द्यायला जाणार आहोत. जिंतूर, गंगाखेड आणि सेलूकडच्या शेतकऱ्यांपैकी कुणी राखणीच्या बंदुकीसाठी अर्ज केला असेल आणि तो अडकला असेल, तर त्याची आवक-पावती घेऊन सोबत या. तो मुद्दा आम्ही निवेदनात वेगळा घातलाय.

कमेंटमध्ये पिस्तुलाचे फोटो टाकू नका. खरंच टाकू नका.